मानकाचे चित्र आणि विक्रेत्याची भर

कार्यप्रक्रियांच्या प्रतिरूपणासाठी आज जे संकेतन बहुमान्य झाले आहे, त्या बीपीएमएनची दुसरी आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. २०१३ साली, किंचित सुधारलेल्या रूपात, तिला आयएसओ/आयईसी १९५१० या आंतरराष्ट्रीय मानकाची प्रतिष्ठा लाभली. पूर्वीच्या आवृत्त्यांत आकृतीचे नियम होते. परंतु ती आकृती एका साधनातून दुसऱ्या साधनात नेण्यासाठी एक्सपीडीएल या निराळ्या मानकाचा आधार घ्यावा लागे. दुसऱ्या आवृत्तीने रेखाटन, साठवण व अंमलबजावणी ही तिन्ही एका छत्राखाली आणिली. या श्रेयाविषयी वाद नाही. वाद आहे तो, या मानकात लिहिलेली प्रक्रिया कोणत्याही यंत्रणेवर चालू शकते, या समजुतीविषयी. ती इतक्या सहजपणे गृहीत धरली जाते की तिची तपासणी करणे अगत्याचे वाटते.

उदाहरण जवळचेच घेऊ. शेगावच्या तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज आला आहे, अशी कल्पना करावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेस मुदत ठरलेली असते. पदनिर्देशित अधिकाऱ्याने ती पाळली नाही, अथवा अर्ज फेटाळला, तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि त्यापुढे आयोगाकडे दाद, असा मार्ग अर्जदारास खुला होतो. हे सर्व बीपीएमएनमध्ये सुरेख रेखाटता येते: अधिकाऱ्याचे काम म्हणजे गोलाकार कोपऱ्यांचा एक आयत, त्याच्या कडेवर मुदतीचे घड्याळ, आणि घड्याळापासून अपिलाकडे जाणारा बाण.

परंतु हेच चित्र यंत्राकडून चालवून घ्यावयाचे म्हटले, की अडचणी उभ्या राहतात. काम कोणाच्या मेजावर जावे? मानकात त्यासाठी 'पोटेन्शियल ओनर'ची तरतूद आहे. पण ॲक्टिव्हिटी व कामुंडा या उत्पादनांनी आपापल्या नेमस्पेसमध्ये अधिक आटोपशीर गुणधर्म दिले. अर्जाचा नमुना पडद्यावर कसा दिसावा? येथे तर मानकाने स्वतःच 'रेंडरिंग' नावाची खुंटी ठोकली आणि तीवर काय टांगावे हे विक्रेत्यांवर सोपविले. राहिली मुदत. घड्याळाला कालावधी द्यावयाचा तो आयएसओ ८६०१ च्या रीतीने. त्या रीतीत पंधरा दिवस लिहिता येतात, कामकाजाचे पंधरा दिवस लिहिता येत नाहीत. मध्ये दिवाळी आली तर सुट्ट्यांचा हिशेब मानकाबाहेरच्या संहितेत ठेवावा लागतो. कामकाजाच्या दिवसांत मोजलेल्या मुदतीच्या बाबतीत, अपिलाचा हक्क ज्या क्षणी निर्माण होतो, नेमका तोच क्षण मानकाच्या कक्षेतून निसटतो.

यावर असे म्हटले जाईल की, विस्तारावाचून कोणतेही मानक जगत नाही. ते खरे आहे. बीपीईएलच्या २००७ च्या ओएसिस मानकात मनुष्याने करावयाच्या कामास स्थानच नव्हते. ते निराळ्या पुरवणीने आणावे लागले. तेव्हा विक्रेत्याने भर घातली यात दोष नाही. दोष आहे तो ही भर दुसरीकडे नेताना मूकपणे गळते यात. मानकात विस्ताराची रीतसर घोषणा करण्याची सोय आहे आणि तीसोबत 'मस्ट अंडरस्टँड' हा गुणधर्मही आहे. मात्र त्याचे मूळ मूल्य नकारार्थी ठेविले आहे. सामान्यतः विस्तार न समजणाऱ्या साधनाने तो दुर्लक्षिला तरी चालते.

मराठी टंकलेखनाची जुनी व्यथा येथे आठवते. युनिकोडपूर्व काळात एका कंपनीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की अक्षरांचा चिखल होई. त्रास मोठा होता, पण निदान हानी डोळ्यांना दिसे. बीपीएमएनचे चित्र मात्र दुसऱ्या साधनात जसेच्या तसे उघडते, म्हणून ते अधिक फसवे.

आणि दुसरे साधन म्हणजे दुसरी कंपनीच असे नव्हे. कामुंडाच्या २०२२ सालच्या आठव्या आवृत्तीने 'झीबी' ही नवी नेमस्पेस स्वीकारली व पदावलीची भाषाही बदलली. त्यामुळे त्याच कंपनीच्या सातव्या आवृत्तीतील प्रतिरूपे रूपांतर केल्यावाचून तेथे चालत नाहीत. एखाद्या कार्यालयाचा कंत्राटदार बदलला, तर नव्याच्या हाती आराखडा येईल, कार्यपद्धती येईलच असे नाही.

म्हणून 'वहनीय' हे विशेषण वापरणाऱ्या अभ्यासकाने, फाईल दुसऱ्या साधनात उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. फायलीतून परक्या नेमस्पेसच्या सर्व ओळी काढून टाकाव्यात आणि उरलेली प्रक्रिया दुसऱ्या यंत्रणेवर चालवून पाहावी. वरील दाखल्याच्या उदाहरणात आयत, घड्याळ व बाण तेवढे शिल्लक राहतील. काम कोणाकडे जावयाचे, कोणता नमुना भरावयाचा आणि कोणते दिवस वगळावयाचे, हे पुन्हा लिहावे लागेल.