‘विषाचं औषध झालं’ या वाक्याबद्दल माझी तक्रार

जिवाणूंच्या न्यूरोटॉक्सिनवरचा रिव्ह्यू पेपर उघडला की पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: जगातलं सर्वांत जहाल विष आता औषध झालंय. मग बोट्युलिनम, १९८९ ची एफडीएची मान्यता, तिरळेपणा, पापण्यांचे झटके, सुरकुत्या. धनुर्वाताच्या विषाला जेमतेम एक ओळ. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच लिहिलं होतं. वाक्य खोटं नाही, पण आळशी आहे.

का ते बघा. ही दोन्ही विषं म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम. १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की टिटॅनस टॉक्सिन आणि बोट्युलिनम-बी चेतापेशीतलं सिनॅप्टोब्रेव्हिन हे एकच प्रथिन अगदी एकाच जागी कापतात. तरी बोट्युलिझममध्ये स्नायू लुळे पडतात आणि धनुर्वातात ताठ होतात. कात्री तीच, पण ती कुठे पोचते त्यावर आजार ठरतो. बोट्युलिनम मुख्यतः स्नायूजवळच्या चेताटोकाशी काम करतं. टिटॅनस टॉक्सिन चेतातंतूतून उलटं मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना लगाम घालणारे संदेश बंद पाडतं.

आता उपयोग बघू. बोट्युलिनमच्या इंजेक्शनमध्ये आपण ही कात्रीच वापरतो, अत्यल्प मात्रेत. धनुर्वाताच्या लशीत मात्र फॉर्माल्डिहाइडने विषाची ताकद आधीच मारलेली असते. उरतो तो टॉक्सॉइड, म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणेला ओळखता येईल असा विषाचा आकार.

तिसरा उपयोग आपल्या पुण्यातला. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांत घोड्यांच्या रक्तातून मिळवलेलं धनुर्वाताचं प्रतिविष होतं. पुढे तिथेच मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लस बनली. तिच्यात मेनिंगोकोकस-ए जिवाणूच्या आवरणातली शर्करा टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेली असते. नुसत्या शर्करेला लहान मुलांचं शरीर नीट दाद देत नाही. प्रथिनाची जोड मिळाली की प्रतिकाराची स्मृती तयार होते. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत या लशीची मोहीम सुरू झाली. इथे न्यूरोटॉक्सिनचा चेतासंस्थेशी काही संबंधच उरलेला नाही; ते फक्त वाहक आहे.

म्हणजे एकाच वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी दडल्यात: एन्झाइम, आकार आणि वाहक. शिवाय हे वाक्य सर्वांत मोठा उपयोग झाकून टाकतं. २०१५ मध्ये भारताने माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जाहीर झालं. त्यात स्वच्छ बाळंतपणाइतकाच टॉक्सॉइडचाही वाटा आहे. जिवाणूचे बीजाणू मातीत आहेतच. आणि धनुर्वात होऊन बरं झाल्यावरही प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीव घेणारी मात्रा प्रतिकार जागा करायलाही अपुरी असते. लस थांबवली तर आजार परत येईल.

तेव्हा रिव्ह्यू लिहिताना ‘उपयोग’ हा शब्द आला की थांबा आणि विचारा: रेणूचा नेमका कोणता गुण वापरलाय? उत्तर एका ओळीत लिहिता आलं नाही, तर तो परिच्छेद अजून तयार झालेला नाही.