टांगाईलच्या छत्रीधाऱ्यांची साक्ष

मराठीतील युद्धविषयक लेखनाचा आढावा घेताना पहिली जाणवणारी उणीव ही की, त्यात सामान्य जवान स्वतः फारसा बोलत नाही. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी ‘डोमेल ते कारगिल’ आणि ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ या पुस्तकांतून मोहिमांची आखणी, नेतृत्वाचे निर्णय आणि १९६२ च्या पराभवाची कारणमीमांसा वाचकांपुढे मांडली. अनुराधा गोरे यांच्या ‘वारस होऊ अभिमन्यूचे’सारख्या लेखनाने रणात पडलेल्यांचे स्मरण घरोघरी पोचवले. हे दोन्ही प्रवाह मोलाचेच आहेत. तथापि जो लढला, जगला, हवालदार किंवा नाईक म्हणून निवृत्त झाला आणि नंतर एखाद्या कारखान्याच्या दारावर पहारा करू लागला, त्याला या दोन्ही प्रवाहांत जागा मिळालेली नाही.

ही उणीव छत्रीधारी सैनिकांच्या, म्हणजे विमानातून छत्रीच्या साहाय्याने शत्रूच्या पिछाडीस उतरणाऱ्या जवानांच्या, बाबतीत सर्वाधिक खटकते. कारण या सैनिकी प्रकाराशी मराठी माणसाचा संबंध जुना आणि निकटचा आहे. आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाणारी पलटण ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होय. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे हे याच पलटणीचे. १९४८ च्या काश्मीर मोहिमेत ती ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून लढली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली बांगलादेश युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ उतरली. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघारी येणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवण्यासाठी लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेणे, हे तिचे काम होते. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडून आलेली पहिली मराठा बटालियन तिला येऊन मिळाली, आणि १६ डिसेंबरला ही छत्रीधारी पलटण ढाक्यात शिरली.

एवढा तपशील कोणत्याही युद्धेतिहासात सापडतो. जवानांच्या साक्षीची खरी गरज त्याच्यापुढे सुरू होते. पायदळाची तुकडी चालत असते तेव्हा तिचा अधिकारी तिला पाहू शकतो. छत्रीधारी तुकडी मात्र उडी घेताच विखुरते. विमानातील तारेला अडकवलेला पट्टा, ज्याला ‘स्टॅटिक लाइन’ म्हणतात, तो छत्री उघडून देतो आणि त्या क्षणापासून जमिनीवर गोळा होईपर्यंत प्रत्येक जवान एकटा असतो. कोण शेतात पडला, कोण तळ्यात, कोणाला गावकऱ्यांनी वाट दाखवली, मराठी बोलणाऱ्याने बंगाली बोलणाऱ्याला काय आणि कसे विचारले, हे युद्धदैनंदिनीत, म्हणजे पलटणीने ठेवलेल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, येणे शक्यच नव्हते. कारण ती लिहिणारा स्वतःही तेव्हा आपली माणसे शोधत होता. मोहिमेचा हा पहिला तास केवळ जवानांच्या स्मृतीत साठलेला आहे.

टांगाईलच्या बाबतीत तर लिखित आणि छापील पुराव्यावरच विसंबणे धोक्याचे ठरते. प्रत्यक्षात सुमारे ७०० सैनिक उतरले असताना परदेशी वृत्तमाध्यमांत पाच हजारांचा आकडा गेला, आणि त्या उडीचे म्हणून जगभर गाजलेले छायाचित्र एका सरावाचे होते. शत्रूचा धीर खचवण्यासाठी त्या वेळी हे उपयोगी पडले असेल. इतिहासकाराला मात्र कागदाइतकीच, काही ठिकाणी कागदाहून अधिक, माणसाकडे धाव घ्यावी लागते.

असे असले तरी आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे बाहेरच्या अनुभवातून स्पष्ट होते. कॉर्नेलियस रायन यांनी दुसऱ्या महायुद्धातील आर्नहेमच्या मोहिमेवरील ‘अ ब्रिज टू फार’ (१९७४) साठी सैनिकांना व नागरिकांना प्रश्नावल्या पाठवून एकाच घटनेच्या अनेक साक्षी शेजारी ठेवल्या. या पद्धतीचे बळ संख्येत नसून पडताळ्यात होते. उलट स्टीफन अँब्रोझ यांच्या पुस्तकावर आधारलेल्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या २००१ च्या मालिकेने अल्बर्ट ब्लाइथ हा छत्रीधारी जवान १९४८ मध्ये मरण पावल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो युद्धानंतरही सैन्यात राहिला आणि १९६७ मध्ये वारला. त्याच्या सोबत्यांचीही समजूत तशीच होती, आणि कोणी खोटे बोलत नव्हते. एकत्र जमून वर्षानुवर्षे सांगितलेली आठवण सर्वांची एकसारखी होत जाते, म्हणून प्रत्येकाची मुलाखत वेगळी घेणे, ती सेवापुस्तिका व पत्रांशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते. टांगाईलला तर पडताळ्याची एक दुर्मीळ सोय आहे: वरून उतरलेली पलटण आणि उत्तरेकडून चालत आलेली पलटण, दोन्हींत मराठी बोलणारे होते आणि दोघांनी एकमेकांची भेट आपापल्या बाजूने पाहिली.

महाराष्ट्रात या कामाला उशीर होण्यामागे इतिहासलेखनाची एक सवयही असावी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून बखरींतील चुका अस्सल पत्रांच्या आधारे दाखवल्या, आणि तेव्हापासून मराठी संशोधकाची निष्ठा कागदावर जडली. ती योग्यच होती. पण पानिपतावर लढलेल्यांना प्रश्न विचारण्याची सोय राजवाड्यांना नव्हती. १९७१ च्या बाबतीत ती आज आहे, आणि फार काळ राहणार नाही, कारण तेव्हा विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

या दृष्टीने पुण्याजवळील पिंपरी-चिंचवडमधील निगडीसारखे उपनगर हे मोठे साधनक्षेत्र ठरते. पश्चिमेस देहूरोडची छावणी व आयुध निर्माणी, पूर्वेस दिघीचा सैनिकी परिसर, दक्षिणेस दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, तर सभोवती आकुर्डी, चिंचवड आणि भोसरीचे कारखाने, अशा या पट्ट्यात नवनगर विकास प्राधिकरणाची वसाहत १९७२ नंतर उभी राहिली. १९७१ चे जवान पंधरा वर्षांची नोकरी संपवून दुसऱ्या नोकरीच्या शोधात बाहेर पडले, तो काळ या कारखान्यांच्या वाढीचाही होता. सातारा, सांगली, कोल्हापूरहून आलेली अशा जवानांची कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. त्यांच्याकडे पोचण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही; संयमाची आहे. अधिकाऱ्यासमोर जवान अजूनही ‘सब ठीक था साब’ अशी वर्दी देतो, आणि सन्मानसोहळ्यात तो भाषण करतो. जवानाच्याच जिल्ह्याच्या बोलीत, घरच्या खोलीत, ‘तुमच्या पाठीवर काय काय बांधलं होतं?’ असा साधा प्रश्न विचारला तर हात आपोआप पट्टे आवळण्याची खूण करू लागतात आणि मोहीम उलगडत जाते. शौर्याविषयी थेट विचारणे हा या कलेतील सर्वांत वाईट प्रारंभ होय.

घरातील स्त्रियांची साक्ष तर बहुतेक संग्राहकांनी मागितलेलीच नाही. उडी आधी गुप्त आणि नंतर जगजाहीर होती. मधल्या दिवसांत सैनिकी टपालाच्या पत्त्यावर लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नव्हते तेव्हा गावाकडे काय मानले गेले, हा युद्धेतिहासाचाच भाग आहे.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धनोंदींच्या जतनाचे आणि २५ वर्षांहून जुने दस्तऐवज तपासून खुले करण्याचे धोरण स्वीकारले, त्यामुळे कागदाची बाजू हळूहळू उघडेल. आवाजाची बाजू राखण्याचे दायित्व संग्राहकावर येते, आणि येथे गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. १८५७ च्या धामधुमीचे हे प्रत्यक्षदर्शी कथन १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी संपादित करून छापले, तेव्हा त्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले. गोडसे यांचे स्वतःचे शब्द दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखित प्रसिद्ध केल्यावरच वाचकांना मिळाले. हस्तलिखित टिकले म्हणून हे शक्य झाले. टांगाईलच्या जवानांच्या मुलाखतींवर पुस्तक करताना भाषा सुबोध करावी लागेल, पुनरुक्ती गाळावी लागेल. पण मूळ ध्वनिमुद्रण आणि शब्दशः लिप्यंतर, सांगणाऱ्याच्या लेखी संमतीसह, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या सार्वजनिक संस्थेत पुस्तक छापून होण्याआधीच जमा झालेले असावे.