पारद-आयन घड्याळाचे दीर्घकालीन स्थैर्य

अमेरिकेच्या ‘नासा’ने जून २०१९ मध्ये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पाठविलेल्या पारद-आयन घड्याळाचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाले. विद्युत्क्षेत्रात कोंडलेले आयन पात्राच्या भिंतींवर आदळत नाहीत. त्यामुळे त्या आघातांनी कंप्रता विचलित होत नाही. लेसर किंवा अतिशीतन यांचे साहाय्य न घेता २३ दिवसांच्या कालावधीवर दशलक्ष-अब्ज भागांत ३ भाग इतके स्थैर्य साधणे, हे निःसंशय मोठे यश होय.

तथापि या आकड्याहून कंप्रतेच्या सरकण्याचा आकडा अधिक विचारार्ह आहे. तो त्याच प्रमाणात दिवसाला सुमारे ०.३ भाग असून त्यातील अनिश्चितता ०.०७ आहे. सरकण्यातून उद्भवणारी वेळेची चूक कालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हाच दर टिकल्यास ती वर्षअखेर सुमारे १.७ मायक्रोसेकंद होते. तेवढ्या अवधीत प्रकाश सुमारे ५०० मीटर जातो. दर एकसारखा राहिल्यास ही चूक गणिताने वजा करता येते. तो बदलत गेल्यास हा उपाय लागू पडत नाही. म्हणून पृथ्वीवरील घड्याळाशी वारंवार मेळ घालू न शकणाऱ्या यानाच्या दृष्टीने, सरकणे किती अल्प आहे यापेक्षा ते किती एकसारखे आहे, हीच खरी कसोटी होय. आणि तिच्यासाठी २३ दिवसांचा आकडा पुरेसा नाही.