‘भुईआवळा’ आणि ‘कावीळ’ : दोन नामांचा प्रश्न

‘भुईआवळा काविळीवर गुणकारी आहे’ हे वाक्य आपल्याकडील वनस्पतिविषयक लेखनात इतक्या सहजतेने येते की, त्यातील दोन नामे नेमकी कशाची वाचक आहेत हा प्रश्न लेखकालाही पडत नाही आणि वाचकालाही. अलीकडे त्याला ‘विषाणुनाशक’ हे विशेषणही जोडले जाते. औषधाचा गुण ठरविणे हा वैद्यांचा व रसायनशास्त्रज्ञांचा प्रांत होय. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो शब्दांचा.

संस्कृत ‘भूम्यामलकी’शी समांतर असा हा समास लोकांच्या निरीक्षणशक्तीची साक्ष देतो. पानांची मांडणी पाहून ज्यांनी या रोपट्याचे आवळ्याशी नाते जोडले, त्यांना वनस्पतिशास्त्रानेही दुजोराच दिला. दोन्ही वनस्पती दीर्घकाळ फायलँथस या एकाच प्रजातीत गणल्या गेल्या. परंतु लोकव्यवहाराचे जेवढ्यावर भागते तेवढ्यावर प्रयोगशाळेचे भागत नाही. भारतीय वनस्पतिग्रंथांतील ‘फायलँथस निरुरी’ या एका नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र झाल्या होत्या, हे मित्रा व जैन यांनी १९८५ साली दाखविले. खरी निरुरी अमेरिका खंडातील! अमारसच्या फुलाला पाच संदले, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. बाजारात वाळवून आलेल्या जुडीत हा भेद कोण पाहणार? अमारसमध्ये मिळणारे फायलँथिन दुसऱ्या जातीत तितकेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

१९८७ साली व्यंकटेश्वरन, मिलमन व ब्लुमबर्ग यांनी या वनस्पतीचा अर्क ‘ब’ यकृतशोथाच्या विषाणूचे डीएनए पॉलिमरेज हे विकर रोखतो, असे प्रसिद्ध केले. निबंधाच्या शीर्षकात नाव होते निरुरी. पुढच्याच वर्षी त्यागराजन प्रभृतींनी मद्रास येथील चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा नाव झाले अमारस. तीत चूर्ण घेणाऱ्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. निष्क्रिय चूर्ण घेणाऱ्या २३ जणांत असा एकच निघाला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील चाचणीत मात्र अमारसला हे यश लाभले नाही.

‘विकर रोखणे’, ‘प्रतिजन नाहीसे होणे’ आणि ‘रोगी बरा होणे’ या तीन क्रियांना आपले लेखक ‘नाश करणे’ हे एकच क्रियापद बहाल करतात. शिवाय अर्क म्हणजे संयुग नव्हे. अर्कातून एक रेणू वेगळा करून त्याची क्रिया दाखविली, तरच त्याला नव्या औषधाचे मार्गदर्शी संयुग म्हणता येते, आणि तेथून औषधापर्यंतचा पल्ला फार लांबचा असतो.

दुसरे नाम अधिक घातक आहे. ‘कावीळ’ हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नव्हे. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘अ’ व ‘इ’ यकृतशोथाची कावीळ बहुधा आपोआप उतरते, आणि त्या काळात घेतलेल्या पाल्याला श्रेय मिळते. पित्तनलिकेत खडा अडकला तरीही डोळे पिवळे होतात. तेथे पाल्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. उलट मद्रासच्या चाचणीतील माणसे विषाणूचे जुने वाहक होती, आणि अशा वाहकाला कावीळ नसतेही. म्हणजे ज्या संशोधनाचा दाखला देऊन वरील वाक्य लिहिले जाते, त्याचा विषय ‘कावीळ’ नव्हताच.