मांडीवरचे मूल

दत्तक घेण्याला मराठीत ‘मांडीवर घेणे’ असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. विधीपुरता तो खराही आहे. मूल मांडीवर बसते, चार माणसे साक्षीला असतात आणि घटकाभरात आईबाप बदलतात. पण त्या मांडीवर मूल विश्वासाने विसावायला कधी कधी दहा वर्षे लागतात, आणि या दहा वर्षांविषयी आपले वाङ्मय फारसे बोलत नाही. ज्या मुलाने टाकले जाणे भोगले आहे, मार खाल्ला आहे किंवा मरण जवळून पाहिले आहे, त्याला वाढवणे म्हणजे काय, हे आपली नामवंत पुस्तके क्वचितच सांगतात.

प्रारंभ बुलढाण्यापासूनच करावा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले, पुढे विस्मरणात गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणले. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला, नवजात मुलाचा जीव घेतला म्हणून, १८८१ साली फाशीची शिक्षा झाली; अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईला बाजूला सारून तेथे पुरुषाला उभे करणे हे त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले. त्यांच्या गद्याची धार आजही बोथट झालेली नाही. परंतु ज्या अर्भकापासून हे सारे निघाले, त्याच्याकडे पुस्तक फारसे वळत नाही. हा ताराबाईंचा दोष नव्हे. वकिली करणाऱ्याची नजर अशिलावरच असायची. तरी ते मूल जगते तर कोणाच्या घरी, कोणत्या नावाने वाढते, हा प्रश्न पुस्तकाच्या कडेला तसाच पडून राहतो.

त्या प्रश्नाला पुण्यात एका घराने आधीच उत्तर दिले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८४ सालच्या निवेदनात जोतीरावांनी दिलेला हिशेब अंगावर काटा आणणारा आहे: तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जगली आणि ३० गेली. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या जहाल औषधांनी त्यांना पोटातच इजा झाली होती. मुलाचा पहिला घाव त्याच्या जन्माआधीचा असू शकतो, हे त्या हिशेबात स्वच्छ लिहिलेले आहे.

काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आईच्या बरोबरीने रोग्यांची सेवा केली. ही हकीकत आपण नेहमी आईबापांच्या औदार्याची म्हणून सांगतो. ती यशवंताच्या बाजूने वाचून पाहावी. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केले; पण तो शिकला नाही, उनाड निघाला, तर दुसरा लायक मुलगा निवडावा, अशी अटही घातली. मिळकत समाजकार्याला लागावी हा त्यामागचा हेतू थोरच होता. तथापि परक्या घरी वाढणाऱ्या मुलाच्या मनात नेमकी हीच भीती दबा धरून असते: लायक ठरलो नाही तर? १८९० साली जोतीराव वारले तेव्हा भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली. सोळा वर्षे मुलगा म्हणून वाढलेल्याला बापाच्या प्रेतापाशी ‘तू मुलगा नव्हेस’ असे ऐकावे लागले. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हाती धरले. स्त्रीच्या धैर्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आपण सांगतो. पण त्या क्षणी एक आई आपल्या पोराच्या पाठीशीही उभी होती.

आता ललित वाङ्मयाकडे वळू. मांडीवरच्या मुलांत आपल्याला सर्वांत जवळचा कर्ण. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कथा सांगणारे सहा जण आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. टाकणाऱ्या आईला स्वतःचे निवेदन आहे, पाठच्या भावालाही आहे. ज्या राधेने वाहून आलेले मूल पोटाशी धरले, तिला मात्र नाही. तिची माया कर्णाच्या तोंडून कळते, तिच्या मनातले कळत नाही. रणजित देसाईंनी तर कादंबरीचे नावच ‘राधेय’ (१९७३) ठेवले. पण तीही कर्णाच्या दानाची, मैत्रीची आणि मरणाची कथा आहे. टाकले जाण्याचा क्षण आणि जन्मरहस्य उघडण्याचा क्षण, या दोन टोकांमध्ये आपले लेखक रमतात. मधला संसार त्यांना नाट्यहीन वाटतो.

यावर कोणी म्हणेल की कादंबरी म्हणजे बालसंगोपनाचे पुस्तक नव्हे. कबूल. परंतु या मधल्या काळात नाट्य नाही, हे कबूल नाही. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैद्याने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने आईपासून तुटलेल्या मुलांचा प्रश्न जगापुढे मांडला. त्यानंतर पुष्कळ जाणले गेले आहे. असे मूल पोटभर जेवूनही भाकरीचा तुकडा अंथरुणाखाली लपवते. उगारलेला हात नसतानाही दचकते. जो अधिक माया करील त्यालाच अधिक झिडकारते, कारण पुन्हा टाकले जाण्यापेक्षा आपणच आधी दूर झालेले त्याला बरे वाटते. त्याचे कवच अंगाबरोबरच वाढलेले असते. ते ओरबाडून निघत नाही, आणि कोणी दान म्हणून मागूही नये. रोज तीच हाक, तीच वेळ, तेच ताट, आणि अपराधानंतरही उघडे राहिलेले तेच दार, एवढ्यानेच ते हळूहळू सैल होते. याहून अवघड नाट्य कोणते?

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय परका नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भातला हा जिल्हा. अशा घरातले मूल पुष्कळदा आजीकडे किंवा मामाकडे वाढते. त्याला दत्तकविधान होत नाही, आडनाव बदलत नाही. फक्त चूल बदलते. अशा मुलांसाठी असलेल्या शासनाच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचेच नाव आहे. योजना दरमहा पैसे देते आणि ते लागतातच. पण रात्री किंचाळत उठणाऱ्या पोराला जवळ घेऊन बसण्याचे काम पैशाने होत नाही. ते त्या म्हातारीलाच करावे लागते, आणि तिचे स्वतःचे दुःखही ओलेच असते.

याच जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांनी ‘बारोमास’मध्ये (२००२) शेतकऱ्याचे खचत जाणारे घर आतून दाखवले. २००४ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तिने आपल्याला त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडले आहे. त्या उंबऱ्यावरून दुसऱ्याच्या दारी गेलेल्या मुलाची, आणि त्याला मांडीवर घेणाऱ्या राधेची, कादंबरी अजून लिहायची राहिली आहे.