घोडं कुठं अडतं?

शोजंपिंगच्या मैदानाकडेला बसलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. घोडा अडला तर, "आज याचं डोकंच ठिकाणावर नाही." फेरी बिनचूक झाली तर, "काय उडवला पोरानं!" चूक घोड्याची आणि करामत स्वाराची, असा हा सोयीचा हिशेब. गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका स्पर्धेत ८० सेंटिमीटरचा वर्ग पाहताना तो पुन्हा ऐकला. पाचव्या अडथळ्यापाशी घोडी थबकली, मुलगा तिच्या मानेवर गेला, कसाबसा सावरला आणि सावरताच त्यानं चाबूक चालवला. त्याआधीच्या वळणाकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. वळताना त्यानं आतला लगाम ओढून धरला होता. घोडीचं मागचं अंग बाहेर घसरलं, कँटरची, म्हणजे संथ दौडीची, लय मोडली. अडथळ्यासमोर पोचली तेव्हा तिच्यापाशी ना नीट अंतर होतं ना जोर. घोडं अडलं होतं ते वळणावर.

आपल्या शोजंपिंगचं दुखणं मला या वळणातच दिसतं. मुलं उडी शिकतात, रपेट शिकायची राहून जाते.

१२-१३ उड्यांची फेरी साधारण सव्वा मिनिटात आटोपते. त्यात घोडा प्रत्यक्ष हवेत असतो तो सगळा मिळून दहाएक सेकंद. बाकीचा वेळ जमिनीवरचा. कँटरमधली एक ढांग सरासरी १२ फुटांची. दोन अडथळ्यांत ६० फूट ठेवले, तर उतरायचे सहा आणि झेप घ्यायचे सहा वजा जाता नेमक्या चार ढांगा बसतात. प्रत्येक ढांग फूटभर आखडली, की चौथ्या ढांगेला घोडा चार फूट मागे राहतो. मग तो लांबूनच झेपावतो आणि दांडी पाडतो, किंवा पाचवी तोकडी ढांग कोंबतो, नाहीतर सरळ उभा राहतो. ढांग लांबवणं-आखडणं हे सपाटीवर शिकायचं काम आहे. अडथळा तीन ढांगांवर आला असताना ते शिकता येत नाही.

या सगळ्याच्या बुडाशी जे असतं त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे: मांड. पक्की मांड म्हणजे गुडघ्यांनी घोडा आवळून धरणं नव्हे. कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलत राहते, तोल आपला आपण सांभाळला जातो आणि म्हणून हात मोकळे राहतात. ज्याचा तोल लगामावर असतो, त्याचा प्रत्येक हिसका थेट घोड्याच्या तोंडात बसतो. पाच-सहा उड्यांना तोंड दुखलं की घोडा उडीच टाळू लागतो. यात डोकं ठिकाणावर नसण्याचा काय संबंध? व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वाराला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर महिनोन्महिने बसवतात, तेही रिकिबीविना आणि लगामाविना. आपल्याकडे असं करणाऱ्या उस्तादाकडून पालक दुसऱ्याच महिन्यात फी परत मागतील.

आजची पुढं झुकून उडी मारण्याची पद्धत फेदेरिको कॅप्रिली या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्याची. तो १९०७ मध्ये, चाळिशीही न गाठता, घोड्यावरून पडून वारला. त्याच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागं रेलत आणि लगाम ताणत. मोकळे घोडे उड्या कशा मारतात ते कॅप्रिलीनं निरखलं आणि स्वारानं घोड्याच्या आड येऊ नये एवढंच मागितलं. गंमत म्हणजे आखाड्यातल्या शास्त्रोक्त कवायतीचा त्याला तिटकारा होता. त्यामुळे 'आधी ड्रेसाज (म्हणजे हीच कवायत), मग उडी' असं म्हणणाऱ्यांना तो सहजासहजी सामील करून घेता येत नाही. पण आड न येण्यासाठी स्वत:चा तोल लागतोच. आपल्या मैदानांवर कॅप्रिलीची नुसती आकृती उरली आहे: घोडा झेपावायच्या आधीच मूल त्याच्या मानेवर आडवं झालेलं असतं.

त्यात आपल्या क्लबांतले बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड. लगाम ताणला की त्यावर रेलून पळायचं, हे त्यांना पूर्वी शिकवलेलं असतं. घाबरलेलं मूल ओढतं आणि घोडा वेग वाढवतो. दोघंही आपापल्या शिकवणीप्रमाणं बरोबर वागत असतात.

पाया नसताना उडी मारण्याचं सर्वांत जाहीर प्रदर्शन जगानं ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये चिठ्ठीनं मिळालेल्या अनोळखी घोड्याशी जुळवून घ्यायला स्वाराला मिळत २० मिनिटं. आघाडीवर असलेली जर्मनीची अनिका श्लॉय सेंट बॉयवर बसली. आधीच बिथरलेला तो घोडा अडला, ती रडू लागली आणि तिची त्या प्रकारातली गुणसंख्या शून्य झाली. पॅरिसनंतर घोडेस्वारी त्या खेळातूनच काढून टाकण्यात आली. दोष एकट्या श्लॉयचा नव्हता. पाच खेळांतला एक म्हणून स्वारी उरकता येते, हे गृहीतच चुकीचं होतं.

आपण मात्र उंची मोजत बसलो आहोत. ६० झालं, आता ८० कधी, मीटर कधी? मुलाची प्रगती दांडी टेकवायच्या खांबाच्या भोकांवर मोजली जाते. आणि गंमत पाहा, दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांनंतर ४१ वर्षांनी, हांगझोऊला २०२३ मध्ये भारताला घोडेस्वारीत सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजमध्ये, जिथं एकही उडी नसते. चौघांच्या त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. फ्रेंचमध्ये ड्रेसाजचा अर्थच मुळी तालीम. या चमूची तालीमही बहुतांशी युरोपात झाली, हे विसरून आपण पेढे वाटले.

फ्रान्समध्ये 'गालो' नावाच्या सात पायऱ्या आहेत. तबेल्यातल्या निगराणीपासून त्यांची परीक्षा सुरू होते आणि सातवी ओलांडल्याखेरीज हौशी गटाच्या स्पर्धांचा परवाना मिळत नाही. आपल्याकडे तेवढी कागदपत्रं आली तर त्यांचं काय होईल हे मी जाणतो, म्हणून मला जर्मनांचं 'श्टिलश्प्रिंगन' जास्त परवडणारं वाटतं. त्यात नवशिक्या स्वाराला फेरीबद्दल शून्य ते दहा गुण देतात: बसला कसा, वळला कसा, लय राखली का. दांडी पडली तर त्यातून अर्धा गुण जातो. घड्याळ जिंकत नाही. असा एखादा वर्ग भरवायला नवे घोडे लागत नाहीत, नवं मैदानही लागत नाही. वळणाकडे पाहणारा एक परीक्षक आणि त्याच्यासाठी खुर्ची पुरे.

त्या दिवशी ८० च्या वर्गात तीन फेऱ्या बिनचूक झाल्या. त्यातले दोन घोडे जुने, मुरलेले. स्वार मानेवर लोंबत असताना त्यांनी ढांगा स्वत:च जुळवून घेतल्या. फिती घोड्यांच्या लगामाला बांधल्या गेल्या, फोटो झाले, सईसानं त्या सोडून ठेवल्या. चषक मुलांनी घरी नेले.