नायकत्व आणि नियंत्रण : 'फायनल फँटसी टेन' या खेळाच्या निमित्ताने

१

कथेचा नायक कोण, हा प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्राने केवळ पात्रांच्या थोरवीवरून सोडविलेला नाही. धनंजयाच्या 'दशरूपका'त कथावस्तूचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे दोन भाग केलेले असून 'अधिकार' या शब्दाचा अर्थ फळाचे स्वामित्व असा दिलेला आहे. कथेच्या अंती जे फळ पदरी पडावयाचे, त्याचा जो धनी तो अधिकारी, आणि त्याचे वृत्त ते आधिकारिक वृत्त. रामकथेतील सुग्रीवाचे वृत्त कितीही लांबले तरी ते 'पताका'च राहते, याचे कारण हेच. अर्थात् ही कसोटी सर्वत्र सारख्याच सुलभतेने लागू पडते असे नाही. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त सारी हालचाल चाणक्याची आणि राज्य मात्र चंद्रगुप्ताचे. त्यामुळे त्या नाटकाच्या नायकाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिला आहे.

रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळात या जुन्या प्रश्नाला एक नवी गुंतागुंत प्राप्त होते. येथे कर्ता आणि फळाचा धनी यांच्या जोडीला खेळणारा हा तिसरा घटक उभा असतो. ज्या पात्राला तो चालवितो, तेच पात्र नायक, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यास 'फायनल फँटसी टेन' हा खेळ विशेष उपयुक्त आहे. जपानमधील स्क्वेअर या संस्थेने तो २००१ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. निर्माते योशिनोरी कितासे आणि कथालेखक काझुशिगे नोजिमा यांच्या या कृतीत पात्रे प्रथमच प्रत्यक्ष आवाजात बोलू लागली. या मालिकेतील आधीच्या खेळांत ती सोय नव्हती.

२

खेळाचा आरंभ झनारकंड या उद्ध्वस्त नगरात, शेकोटीभोवती बसलेल्या सात प्रवाशांपासून होतो. त्यांतील टीडस नावाचा तरुण आपली कहाणी ऐका, अशी विनवणी करतो आणि कथा मागे जाते. टीडस हा ब्लिट्झबॉल या खेळातील नामांकित खेळाडू. त्याच्या नगरावर 'सिन' या महाकाय संकटाचा घाला पडतो आणि तो स्पायरा नामक अपरिचित जगात येऊन पडतो. तेथे यूना ही सतरा वर्षांची आवाहिका सिनच्या नाशासाठी यात्रेला निघालेली असते. दहा वर्षांपूर्वी तिचा पिता ब्रास्का याने हेच कार्य केले होते. टीडस तिच्या रक्षकांत सामील होतो, आणि येथून पुढे मार्ग तिचा व पावले त्याची, अशी कथेची रचना होते.

टीडसच्या नायकत्वाच्या बाजूने दोन प्रमाणे पुढे करता येतात : निवेदन त्याचे आहे आणि नियंत्रणही बहुतांशी त्याचेच आहे. परंतु ही दोन्ही प्रमाणे बारकाईने तपासली असता डळमळू लागतात.

नियंत्रणाचे प्रमाण प्रथम पाहू. लढाईत एका वेळी तीन पात्रे उभी राहतात आणि सातांपैकी कोणालाही पुढे आणण्याची मुभा असते. भूमीवर चालविण्याचा मान बहुधा टीडसचा. परंतु बेव्हेल नगराखालील भुयारात यूनाला शिक्षा म्हणून टाकले जाते, तेव्हा खेळणारा तिलाच चालवितो. नावाची गोष्टही बोलकी आहे. टीडसचे नाव खेळणाऱ्याला बदलता येते, म्हणून बोलक्या संवादांत ते नाव कोणीही उच्चारीत नाही. यूनाचे नाव बदलता येत नाही; ते सर्वांच्या तोंडी आहे. ज्याला कहाणीचा धनी म्हणावे, तो त्या कहाणीत अनामिक वावरतो.

३

मग खेळणाऱ्याला टीडसच्या ठायी का बसविले आहे? याचे उत्तर पात्राच्या मोठेपणात नसून त्याच्या अज्ञानात आहे. सिनचा पाडाव ज्या अंतिम आवाहनाने होतो, ते करणारी आवाहिका जिवंत राहत नाही. हे यूनाला ठाऊक आहे, तिच्या साऱ्या सोबत्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते केवळ टीडसला, आणि म्हणून खेळणाऱ्याला. सिनचा नाश झाल्यावर काय काय करावयाचे याच्या गोष्टी तो उत्साहाने करीत असतो आणि इतर गप्प राहतात. अल भेड लोकांच्या वसतीत सत्य उघड होते, तेव्हा आधीच्या प्रत्येक थट्टेला एक वेगळाच अर्थ येतो. तिला मरणाकडे पुढे पुढे नेण्यासाठी कळ दाबणारा हात खेळणाऱ्याचा होता, ही जाणीव कादंबरीच्या वाचकाला येऊ शकणार नाही. खेळणाऱ्याने यूनाला आरंभापासून चालविले असते, तर हे गुपित राखणे कठीण झाले असते आणि हा अपराधभावही निर्माण झाला नसता. म्हणजेच नियंत्रण हे येथे श्रेष्ठत्वाचे चिन्ह नाही. ते ज्ञानाच्या वाटपाचे साधन आहे.

निवेदनाचेही तसेच. शेकोटीपाशी बसण्यापूर्वी, गॅगझेट पर्वतावर, टीडसला आपण फेथ या निद्रिस्त आत्म्यांचे स्वप्न असल्याचे कळून चुकलेले असते. ते स्वप्न संपले की तो संपणार. अशा वेळी कहाणी सांगत बसणे म्हणजे स्वामित्वाची घोषणा नव्हे. पुढचे पाऊल क्षणभर लांबविण्याची ती धडपड आहे. आणि कथन शेकोटीच्या क्षणापर्यंत येऊन पोचते तेव्हा स्मरणाची चौकट संपते. त्यानंतरचा प्रसंग युनालेस्काच्या दालनातला आहे. तेथे निवेदकाचा अधिकार संपून निर्णयाचा अधिकार सुरू होतो, आणि तो यूनाचा आहे.

४

या दालनात कळते की अंतिम आवाहनासाठी एका रक्षकाने देह टाकावा लागतो आणि विजयानंतर त्याचेच नव्या सिनमध्ये रूपांतर होते. टीडसचा पिता जेक्ट असाच सिन झालेला आहे. यूना हे आवाहन नाकारते. पूर्वी मॅकलेनिया वनातील जलाशयात टीडसने तिला यात्रा सोडून देण्याची गळ घातली होती. तेव्हा ती रडली, पण मागे फिरली नाही. दोन्ही प्रसंगी शेवटचा शब्द तिचाच. आधी व्रत पाळण्याचा, मग व्रताचे खोटेपण ओळखून ते टाकण्याचा.

फळाच्या कसोटीवर यूना अधिकारिणी ठरते. परंतु येथेच एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. स्पायराच्या परंपरेत फळ होते, पण ते भोगावयास त्याचा धनी उरत नव्हता. टीडसचे खरे कार्य म्हणजे फळासाठी धनी राखून ठेवणे. सुग्रीवाप्रमाणे त्याचाही स्वतःचा हेतू आहे : घरी परतणे आणि पित्याशी हिशेब मिटविणे. दुसरा हेतू साधतो, पहिला कायमचा बुडतो. जी मरावयास निघाली होती ती जगते आणि जो वाट चुकून आला होता तो नाहीसा होतो. पताकानायकाने आपले सर्वस्व आधिकारिक वृत्तात ओतावे, याचे हे विरळा उदाहरण होय.

शेवटच्या लढाईत यूना आपले एऑन एकेक करून बोलाविते आणि शत्रूने ग्रासलेल्या त्या शक्तींना खेळणाऱ्याला स्वतःच मारावे लागते. त्या वेळी पडलेले सोबती आपोआप पुन्हा उठतात. जिंकण्याचे कौशल्य येथे जवळजवळ निरर्थक करण्यात आले आहे. उरते ते केवळ निरोपाचे कर्म.

कृतीत उणीव नाही असे मात्र नव्हे. युनालेस्काच्या प्रसंगानंतर नवा उपाय शोधण्याचे काम साऱ्या समूहावर वाटले जाते आणि इतका मोठा नकार देणारी यूना काही काळ कडेला पडते. शिवाय याच टप्प्यावर खेळणाऱ्यापुढे ऐच्छिक भटकंतीची दारे उघडतात आणि कथेची निकड सैल होते. २००३ साली आलेल्या पुढील खेळात यूनालाच चालविण्याची सोय झाली. पण पहिल्या कृतीतील प्रश्न दुसऱ्या कृतीने सुटत नाही.

तो सुटतो तो पहिल्या खेळाच्या अखेरीस. आरंभीचे शब्द टीडसचे होते. समारोपाचे भाषण लुका नगराच्या क्रीडांगणात जमलेल्या लोकांपुढे यूना करते आणि जे गेले त्यांना विसरू नका असे सांगते. गेलेल्यांत ज्याचे नाव तिथे कोणी घेत नाही, त्याला खेळणाराच काय तो ओळखतो. यूना नायिका आहे, टीडस पताकानायक आहे. आणि खेळणारा नायक नसून साक्षी आहे, मात्र असा साक्षी की ज्याचे हात कोरडे राहिलेले नाहीत.